चवड्यावर

देवणीकर सरांनी पडदे ओढले
आणि भिंतीवर एक माणूस उमटला,
कमरेपर्यंत माणूस, कमरेखाली बोकड.
हातात द्राक्षाचा घोस, कानांना टोकं,
पुढं पळणाऱ्या चार उघड्या बायका,
त्यांच्या पाठींवर निरशा दुधाचा उजेड.
सर म्हणाले, सॅटर. त्यांच्याकडचा रानातला.
ह्या निम्फ. झऱ्यांच्या, झाडांच्या पोरी.
लिहून घ्या.

मी लिहिलं : मागचा पाय चुकलाय.

चौतीस शेळ्यांमागं वाढले मी, तेरला, पांढरीच्या उतारावर.
मला नका सांगू गुडघा कुठं असतो.
लोकांना वाटतं शेळीचा गुडघा उलटा वळतो.
तो गुडघा नव्हेच, ती टाच,
वीतभर वर राहून गेलेली.
शेळी जन्मभर चवड्यावर उभी असते
कुडापलीकडं काहीतरी बघायचं असल्यागत.
ह्या चित्रकारानं पाय माणसाचाच घेतला,
वरून केस चिकटवले,
खाली खूर बसवला बुटासारखा.

संक्रांतीच्या सुट्टीत झेरॉक्स घेऊन गावी आले.
झेरॉक्समध्ये बायका सावळ्या झालेल्या
आणि तो तर पार काळा,
आमच्या उस्मानाबादी जातीत खपावा इतका.

आयनं धार काढता काढता मान वळवली.
"हंगामावर आलाय. वरचा ओठ बघ कसा मुडपलाय.
वास आला आसंल बायांना."
मग चरवी बाजूला ठेवून, नीट बघून :
"पण कामून पळायल्यात? चौघी हायत की."

मी सांगितलं, त्यांच्यात असंच असतं.
मागं लागला की ह्या देवाला हाक मारतात.
एकीचं झाड झालं. एकीचा बोरू,
मग त्यानं तोच बोरू कापला, पावा केला,
आणि बसला फुंकत.

आय म्हणाली, "मंजी वाचली कुठं?"

ह्यावर सरांच्या नोट्समध्ये काही नव्हतं.

तेरणेच्या डोहावर सात दगड आहेत शेंदराचे.
साती आसरा.
हिरवा चुडा, दहीभात, खणाचा तुकडा.
तिथून बाप्ये खाली मान घालून जातात.
मसाजीमामा एकदा तिन्हीसांजेला शीळ घालत गेला
आणि पोळ्यापस्तोर त्याला वाचा नव्हती.
(तो आधीपासूनच कमी बोलायचा, असं मामी म्हणते.)
"आपल्या पळत न्हाईत," आय म्हणाली,
"बसल्या जागी ये म्हणत्यात.
जाणाऱ्यानं इचार करावा."

ह्याच गावातून म्हणे कापडानं लादलेल्या गाड्या
भडोचच्या बंदराला जायच्या,
आणि तिकडून मडकी यायची, दारूची, उंच मानेची.
मग हा आलाच असेल एखाद्या मडक्याच्या पोटावर बसून,
दोन हजार वर्षं आमच्या मातीत पडून असेल,
पावसानंतर पोरं मणी वेचतात, त्या खापरांत
त्याचा कान, नाहीतर हसणं.
आणि डोहापर्यंत चालत गेला असेल कधी?
गेला तर परत आला का?

वही उघडून मी सात बायका काढायला बसले,
पाय पाण्यात सोडलेल्या, निवांत, वेण्या घालणाऱ्या.
सहा झाल्या. सातवीचा चेहरा येईना,
आला तो आयचा, म्हणून खोडला.

तेवढ्यात चांद्या बाभळीशी गेला,
बुंध्याला पुढचे खूर टेकवले
आणि उभा राहिला, शेंगांसाठी.
मान मागं, दाढी हवेत, पोटाची कातडी ताणलेली,
उन्हाच्या तिरपेत कडेनं तांबूस.
अख्खा बोकड होता तो, वरही आणि खालीही,
तरी दोन घटका मला माणूस दिसला.
आणि त्याचे मागचे पाय थरथरत होते.
एवढ्या चित्रांत कुणीच ते काढलेलं नाही,
उभं राहणं किती जड जातं त्याला,
एका शेंगेसाठी.

मी घाईनं टाचेची रेघ ओढली, तिच्या जागी.

"काय बघत बसलीस त्येच्याकडं," आय ओरडली,
"झाड मोडायलाय. दावं धर."