स्लॅबवरची घोळ

वडगावात आमच्या मागाच्या खोलीवरचा स्लॅब
एप्रिलात रात्री दहालाही हात लावू देत नसे.
कोरड्या हवेत सूत तुटायचं,
ताणा सांधण्यातच निम्मी पाळी जायची.

येळ्ळूरचा सातेरी गवंडी वर चढला,
हातोडीच्या दांड्यानं स्लॅब ठोकून ऐकला.
म्हणाला, पेलेल. पण चार बोटांवर माती नको,
आणि वजन धरायचं ते भिजलेल्या मातीचं.

आधी डांबर, दोन हात. त्यावर जाड प्लास्टिक.
"मुळांना केसाएवढी भेग पुरते,
मग ती घर विचारत नाहीत."
मग फुटक्या कौलांचे तुकडे,
पाण्यानं पन्हळीकडे सरकावं म्हणून.
मग कापड.
कापड माझं: काठ चुकला म्हणून
शहापूरच्या पेढीवरून परत आलेल्या पाच साड्या.
पॉलिस्टर, कुजायची भीती नाही.
माती अडते, पाणी जातं.
इतकं नीट काम
त्या साड्यांनी अंगावर केलं नसतं.

वर विटांचा चुरा, काथ्याचा भुसा,
भाताचं जळकं तूस, तांबडी माती थोडी.
खत मूठभरच. माजलेलं रोप
मे महिन्यात सगळ्यात आधी मरतं.

मी हौसेनं झेंडू लावला. गेला.
सातेरी हसला नाही. मला स्कूटरवर घालून
जांबोटीच्या वाटेवरच्या कातळावर नेलं.
"इथं कोण पाणी घालतंय? बघ."
दगडाच्या खळग्यात बोटभर माती,
आणि तीत मांसल पानांची, ठेंगणी,
घाई नसलेली झाडं.
तिथलं काही उपटू दिलं नाही त्यानं.

मग घोळ आली गटाराकाठची,
चिनी गुलाब, कोरफड,
आणि पानफुटी, जी पडल्या पानातून उठते.
यांतली काही दिवसा तोंड मिटून घेतात,
श्वास रात्री घेतात, म्हणे.
रात्रपाळीची झाडं.
मला ती लगेच ओळखीची वाटली.

सूत अजून तुटतं. कमी.
दक्षिणेच्या कोपऱ्यात ओल येते,
सातेरी कठड्याला दोष देतो, मी सातेरीला.

पलीकडच्या गच्चीवरून नीलव्वा वाकते,
घोळीची जुडी खुडते,
"गोणी चलो बंदैती," म्हणते.
चांगली आलीय, हो.
मी तिला घोळ म्हणतो.
झाड दोन्हीकडे मान देत नाही,
कठड्यावरून खाली उतरतंय,
तिच्या भिंतीवर.