चावी कुणाकडं

मे महिन्यात गुऱ्हाळ थंड.
काहील पालथी, चुलवाणात राख,
भिंतींना तेवढा काकवीचा वास.
आरोग्याची माणसं आली, म्हणाली,
हा माळ उंच, इथवर पुराचं पाणी येत नाही,
गरज पडली तर दवाखाना इथंच मांडू.
आत्ता फक्त तालीम.
आणि तातोबा, तुम्ही पेशंट.

मिणचेकर मॅडमनी चिठ्ठी वाचली:
घोणस चावली, उजवा घोटा, नावेतून आणलाय,
लस सुरू होताच अंगावर गांधी, घसा आवळतोय.
गुळाच्या ढेपा मांडतो त्या बाकावर मी आडवा झालो.
डोळे मिटले.
चाळीस वर्षं पाक झाला का ते मी कानानं ओळखतो.

पहिल्या दिवशी ऐकलं ते असं:
"कुणीतरी ऑक्सिजन आणा."
कुणीतरी नावाचा माणूस
आमच्या पंचक्रोशीत नाही.
सिलिंडर जागचा हलला नाही.
डॉक्टर हेरवाडे घाईत म्हणाले, शिरेतून द्या.
शमशाद मुजावर पुटपुटली, "सर, मांडीत..."
मी तिच्यापासून हातभरावर, मला ऐकू आलं.
डॉक्टर दीड हातावर.
त्या अर्ध्या हातात मी मेलो.

दुसऱ्या दिवशी शमशाद खणखणीत बोलली.
डॉक्टर थांबले. "बरोबर. मांडीत."
पण औषध कपाटात, कपाटाला कुलूप,
चावी सुकुमारच्या खिशात,
सुकुमार खोट्या नावेवर,
खोटी नाव पलीकडच्या काठाला.
मी परत मेलो. मग चहा झाला.

सगळे गोल बसले.
मला वाटलं, आता शिव्या.
आमच्यात असंच.
एका वर्षी पाक करपला, तेव्हा चुलवाण्या सत्याप्पाला
मी चारचौघांत नको ते बोललो.
तो चप्पल घालून गेला, तो गेलाच.
चिपाडं ओली होती, हे मला चार दिवसांनी कळलं.

मॅडमनी विचारलं एवढंच,
"चावी खिशात का ठेवावी लागली?"
सुकुमारनं मान खाली घातली.
"मागच्या शिबिरात दोन खोकी गेली, मॅडम.
माझ्या पगारातनं कापली."
बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता,
तो लांब जाईपर्यंत कुणी बोललं नाही.

मग कुलूप काढलं.
मळी काढायचा झारा अडकवतो त्या खिळ्याला
लाल बादली टांगली, वर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
सिलिंडरचा पाना सुतळीनं सिलिंडरलाच बांधला.
डॉक्टर म्हणाले, "तातोबा, काहील उतरवताना काय करता?"
म्हटलं, एकजण नाव घेऊन हाक देतो,
ज्याचं नाव त्यानं तेच परत म्हणायचं,
तवर कुणी हात लावायचा न्हाई.
सांडलं तर पाय जातात, साहेब.

तिसऱ्या दिवशी:
"सुकुमार, ऑक्सिजन."
"ऑक्सिजन, आणतो."
"शमशाद, अर्धा मिली, मांडीत."
"अर्धा मिली, मांडीत."
माझ्या मांडीला बांधलेल्या दुधी भोपळ्यात
सुई गेली.
"दिलं. दहा वाजून चार."
मी जगलो. भोपळा घरी नेला,
बायकोनं भाजी करायला नकार दिला.

आज राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट.
शिये फाट्याकडनं गाड्या लागल्यात,
गुऱ्हाळात आत ट्यूब पेटल्या.
बादली खिळ्याला आहे. मी दोनदा बघून आलो.

मग फोन काढला.
नंबर बदलला नव्हता.
"सत्याप्पा, चिपाडं ओली होती रे."
तिकडं बराच वेळ नुसता पाऊस.
मग म्हणाला,
"व्हय. मी तवाच सांगिटलं हुतं.
हळू बोललो असंन."