काटे काढता येतात ना?

जानेवारीचा शेवटचा रविवार ठरला,
म्हणजे ठरला असं धरून चाललोय.
'तिरका उंट' म्हणतो, सुट्टी मिळाली तर.
'हत्ती घरीच' काही म्हणत नाही,
नुसता अंगठा वर करतो,
आणि त्याच्या अंगठ्याचा अर्थ काय
हे दोन वर्षं रोज रात्री बुद्धिबळ खेळूनही
मला कळलेलं नाही.

मानेवाड्याची आमची गच्ची.
इथून कुठल्याही बाजूला चालायला लागा,
समुद्र सारखाच लांब.
म्हणूनच इथे भाजू मासे, असं मीच लिहून बसले
रात्री सव्वाबाराला, डाव हरल्यावर.
हरलेलं माणूस काहीही कबूल करतं.

विटा आठ, शेजारच्या बांधकामावरून, मुकादमाला सांगून.
जुन्या कूलरची जाळी नको, तिला जस्त असतं म्हणे.
संत्र्याचं वाळलेलं लाकूड काटोलच्या मावसभावाकडून.
मासे? संत्र्यावर? तो म्हणाला,
आणि फोनवरच नाक मुरडलं, ऐकू आलं मला.
खालच्या बोधनकर काकांना विचारलं.
वास येईल का?
येईल.
मग आम्ही त्या दिवशी रामटेकला जाऊ, म्हणाले,
रागावून नाही. बरेच दिवस जायचं होतं त्यांना.

देवगडची 'आठवं प्यादं' दोन सुरमया आणतेय,
थर्माकोलच्या डब्यात, भुसावळला बर्फ बदलून.
तिरफळं वेगळी, पुडीत,
कारण तुमच्याकडे मिळायची नाहीत, असं तीनदा.
मी सावजी मसाल्याचं नाव काढलं
तर पाच मिनिटं उत्तर नाही.
मग: मासा काय शोधत बसायचा त्यात?

उंटाला झिंगे चालत नाहीत, अंगावर पित्त उठतं.
हत्ती अंडंसुद्धा खात नाही, हे काल कळलं.
त्याच्यासाठी वांगी. वेगळी जाळी, वेगळा चिमटा.

आणि मी मासा कधी साफ केलेला नाही.
हे त्यांना सांगितलेलं नाही.

शनिवारी भोईपुऱ्यात गेले, नुसती बघायला.
कौतिकाबाई मारबतेंनी उचललेली मरळ खाली ठेवली.
'किती लोकं येऊन राह्यले?'
चार. मी धरून.
'घरचे?'
नाही.
'हापिसातले?'
नाही.
'मंग कोन?'
शब्द निसटला, मरळ निसटते तसा.
त्यांच्याजवळ चिमूटभर राख होती, पकड यायला.
माझ्याजवळ काही नव्हतं.

उंट घाईत वजीर गमावतो, ठाऊक आहे.
हत्ती चाल करून मध्येच दहा मिनिटं नाहीसा होतो,
परत आला की 'सॉरी', एवढंच.
प्याद्याचं नाव तिकिटाच्या फोटोवरून कळलं:
इंदुमती केळुसकर, वय एकसष्ट.
मी तिला दोन वर्षं 'अगं' म्हणत होते.
राहू दे, म्हणाली, घरात कुणी म्हणत नाही आता.

'समुद्राच्या मासोळीले काटा कमी,' कौतिकाबाई म्हणाल्या,
'रोहूत लय.
पाहुण्यायले इचारून घे, काढता येते का.
नाय त घास अटकते अन् नाव माह्यं होते.'

त्या रात्री डाव मांडण्याआधी लिहिलं:
काटे काढता येतात ना सगळ्यांना?

प्यादं नुसतं हसलं, सात वेळा.
उंट म्हणाला, नाही. आई काढून द्यायची.
मग 'लिहीत आहे' दिसत राहिलं,
थांबलं, परत दिसलं,
काहीच आलं नाही.

तेव्हा हत्ती. अंगठा नाही, चक्क अक्षरं:
मी काढून देईन याला.
खात नाही, पण येतात काढता.
बाबांना रोज काढून देतो, त्यांचे हात थरथरतात.
थांबा, हाक मारतायत. आलोच.

दहा मिनिटं त्याचं घड्याळ एकटंच पळत होतं.
मी चाल केली नाही.

सकाळी कौतिकाबाईंना फोन लावला.
रोहू पण ठेवा, दीड किलोचा एक.
'अन् काटे वं?'
म्हटलं, आहे माणूस.