उघडझाप

घस्सान सरांनी पहिल्याच तासाला विचारलं,
तुमचं पाहणं कुणाकडून उसनं आणलंय?
खरं लिहा. हातउसनं असलं तरी चालेल.

मी ग्रंथालयातून उतरवून काढलं:
समुद्राचा धूर करणारा एक जपानी,
भिंतीवरच्या सावल्यांची एक मेक्सिकन बाई,
क्षणाची मानगूट अचूक पकडणारा कुणी फ्रेंच.
कागद परत आला. खाली पेन्सिलीने एक ओळ,
"ही पाहुणेमंडळी झाली. घरचं कोण?"

घरचे म्हणजे बाबा. जमीन मोजायचे.
धैदच्या पलीकडे, जिथे मोजण्यासारखं काही नव्हतं,
तिथे त्यांनी एकवीस वर्षं एक डोळा मिटून काढली.
जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे म्हणतात.
पट्टी धरलेला लतीफ
वाळूला डोक्यावर घेऊन आभाळात पाय टेकलेला.
दोन दिवसांत डोळा सरावतो, बाबा सांगत,
मग सुलटी माणसंच जरा चुकल्यासारखी वाटतात.

हे मी लिहिलं नाही.
नोकरीबद्दल काय लिहायचं?

डिसेंबरात सरांनी डबे आणायला लावले.
दूध पावडरीचा डबा, आतून काळा रंगवलेला,
सुईने पाडलेलं एक भोक,
आणि अंधारात चाचपडत बसवलेला फोटोचा कागद.
भिंग नाही, बटण नाही.
डबा गच्चीवर बांधायचा, तोंड खाडीकडे,
आणि सहा महिने विसरून जायचं.
विसरणं हेच तंत्र आहे, सर म्हणाले.
मला तेवढंच जमेना.

मोफिजुल, आमच्या इमारतीचा नातूर,
आधी डबा कचऱ्यात टाकायला निघाला होता.
मग त्यानेच पाटी लावली, हात लावू नये,
अरबीत, बांगलात, मोडक्या इंग्रजीत.
खाली मराठी मी घातली, उगाचच.
संध्याकाळी तो टाकीशेजारी
पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
सिल्हेटला फोन लावायचा. मुलगी पलीकडून गणिताचे पाढे म्हणायची
आणि तो ऐकायचा, हिशेब तपासल्यासारखा.

खाली खाडीत जहाजं भरत होती.
टायर, फ्रीज, कांद्याची पोती, गाद्या.
भरली की जायची. दुसरी लागायची.
जानेवारीत एकदाच पाऊस आला, रस्ते तुंबले.
एप्रिलमध्ये बाबांची कंपनी बंद झाली,
मे महिन्यात मोफिजुलचा व्हिसा.
जाताना म्हणाला, डब्बा ठीक आहे, मी रोज बघतो.
"बघतो"च म्हणाला.

जूनमध्ये डबा उघडला.
कागद जांभळट, कडेला पाण्याचा डाग,
आणि सूर्याच्या वाटा, एकीवर एक,
ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा.
मध्ये कुठे कुठे तुटलेल्या: तो दिवस ढगांचा.
खाडी आहे. जहाज एकही नाही.
चार दिवस थांबलेलं कागदाच्या गावीही नसतं.
पाण्याची टाकी, तीन अँटेना, समोरच्या बँकेची पाटी.
आणि खुर्ची.
खुर्चीच्या पाठीशी थोडं मळकट आहे.
ओल असेल, सर म्हणाले.
मी वाद घातला नाही.

बाबांनी कागद हातात घेतला, उलटा धरला,
डावा डोळा मिटला
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
सगळे सूर्य तळाला, खुर्ची आभाळात.
मग म्हणाले, हं. आत्ता बरोबर.

प्रदर्शनात मी तो तसाच लावला.
नावाच्या चिठ्ठीवर, घरचं कोण याच्या पुढे,
लिहिलं: सुधाकर पेडणेकर, जमीन मोजणी.
लोक मान वाकडी करून बघत होते.
कुणीतरी भलं माणूस येऊन तो सुलटा करून गेलं.
मी फिरवला.
पुन्हा कुणी सुलटा केला, पुन्हा फिरवला.
तिसऱ्यांदा मी पोचायच्या आत
बाबा तिथे होते.