तुडवणी

जूनमध्ये थंडीची सुट्टी लागली की मी
एल आल्तोहून बस धरते.
या खेपेला कोटाच्या खिशात
प्रयोगशाळेतली एक काचपट्टी राहून गेली होती.
बासिलिया आत्या म्हणाली, आलीस? चल, आधी बटाटे पसरू.

लुकी बटाटे. कडूजहर.
नुसते उकडून खाल्ले तर जीभ धड राहत नाही.
वाळल्या गवतावर एकेक सुटा मांडायचा,
एकाचं अंग दुसऱ्याला लागू द्यायचं नाही.
आत्या आभाळाकडे बघते. ढग नाही. वारा पडलेला.
आज धरेल, म्हणते.

रात्री उणे बारा.
लामाच्या लोकरीच्या तीन घोंगड्यांखाली
मला झोप नाही, आणि डोक्यात
नववीचा वर्ग चालूच:

पेशीपटल म्हणजे, मुलांनो, तेलकट रेणूंची दुपदरी रांग,
शेपट्या आत वळवून उभी.
पाण्याला तिच्यातून बोळ आहेत, अरुंद, एकेका रेणूपुरते.
साखरेला एकटीला प्रवेश नाही, सोबत लागते.
आणि काही पंप अखंड उपसत असतात,
आतलं आत, बाहेरचं बाहेर राहावं म्हणून.
कांद्याची पात ताठ उभी असते
ती हाडांवर नाही,
आतलं पाणी भिंतीला रेटतं, भिंत पाण्याला रेटते,
या भांडणावर.

मागच्या बाकावरच्या रोहेलियोने विचारलं होतं,
"प्रोफे, पंप झोपतात कधी?"
मी म्हटलं, झोपले तर आपण उठत नाही.
वर्ग हसला. तो नाही हसला.
त्याचे वडील रात्रपाळीचे, हे मला नंतर कळलं.

बाहेर आता बर्फ धरत असणार,
आधी पेशींच्या मधल्या फटींत,
आत नाही.
आतलं पाणी थेंबाथेंबाने त्याच्याकडे ओढलं जातंय,
पटल आक्रसून भिंतीपासून सुटतंय.
इथवर सगळं मी कांद्यावर मीठ घालून दाखवते,
आणि गोडं पाणी घातलं की परत फुलवूनही दाखवते.
यानंतरचं दाखवत नाही.
यानंतर सुया.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर
आत्या बूट काढते, मीही.
बटाटे मऊ, ओल्या गालांसारखे.
टाच टेकवून, अंग झुलवत,
पायाखालून फेसाळ पाणी निघतं, काळपट,
कडूपणा त्याच्याबरोबर वाहून जातो,
सालं सुटून बोटांत अडकतात.
"पिळायचं, चिरडायचं नाही," आत्या ओरडते,
"तुझे पाय शहरात बावळट झालेत!"

कारण भिंती अजून आहेत.
दारं गेली, पहारेकरी गेले, पंप थांबले,
तरी घराचा आकार तसाच.
तोच तर सांभाळायचा आहे.

सेवेरोसाठी ती एक पोतडी वेगळी काढते.
तो पलीकडे चिलेत, कालामाला, तांब्याच्या खाणीवर.
चौकीवर कधी सोडतात,
कधी कागद उलटेपालटे करून अडवतात,
कुणाला का, कळत नाही.
तुलना करायची नाही, असं मी ठरवलंय.
वर्गात करते.

संध्याकाळी आत्या घागरीत मूठभर जुने चुन्यू टाकते,
मी शाळा संपवली त्या वर्षीचे,
दगडासारखे खडखडीत, वजन जवळजवळ नाही.
पाणी आत शिरतं. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही.
मी खिशातली काचपट्टी काढून बघते,
सूक्ष्मदर्शक नाही, काही नाही,
नुसती काच. परत ठेवून देते.

सकाळी आत्या एक उचलते, अंगठ्याने दाबते.
"मध्ये अजून कोरडा आहे," म्हणते,
आणि पाणी बदलते.