तीनशे चौदा

पहाटे चारला टायमर टक् वाजतो
आणि शेडभर बल्ब लागतात.
नाही लागले तर खटका मी दाबायचा.
टोपच्या फार्मवर चौदा महिने माझं एवढंच काम.
बाहेर हायवेला उसाच्या ट्रॉल्या,
आत चारशे नर, पिंजऱ्यात एकेक.

मला वाटायचं, उजेड डोळ्यांसाठी असतो.

तीनशे चौदा आंधळा आहे.
लहान असताना शेजाऱ्यानं दोन्ही डोळे टोचले.
"ह्यो काय कामाचा न्हाई, काढा," बशीरचाचा म्हणाले.
वहीत रेघ मारायची राहून गेली, एवढंच.
विसाव्या आठवड्यात उजेडाचे तास वाढवले,
आठाचे अकरा, अकराचे चौदा,
आणि सगळ्यांबरोबर त्याचाही तुरा पेटला,
चैत्रात जोतिबाहून उतरणाऱ्याच्या कपाळासारखा.

इंगवले मॅडमनी पेनाचं टोक त्याच्या डोक्यावर टेकवलं.
"हाड पातळ असतं. उजेड इथून आत जातो.
मेंदूच्या बुडाशी एक जागा तास मोजत बसते.
मोजून झाले की खाली निरोप,
ज्वारीच्या दाण्याएवढ्या ग्रंथीला.
ती रक्तात एलएच सोडते, एफएसएच सोडते,
आणि कण्याला चिकटलेली वालाएवढी वृषणं
दीड महिन्यात सुपारीला मागं टाकतात.
तुरा, बांग, माज, सगळं टेस्टोस्टेरॉन.
फार झालं की तेच वर जाऊन सांगतं, बास आता."
"बास म्हणणारं आमच्यात कुठं असतंय, मॅडम?"
चाचा हसले. मॅडमही.

मंगळवारी, शुक्रवारी चाचांचा अंगठा
पाठीवरून शेपटीकडे. एकदा. दोनदा.
पाव मिली, सायीसारखं दाट, नळीत.
कोंबडा पिसं झटकून सरळ करतो.
कोंबडी यातल्या कुणी जवळून पाहिलेली नाही.
तीनशे चौदानं तर काहीच.

डिसेंबरात डीपी जळाला.
जनरेटरचा पार्ट सांगलीहून येतोय, येतोय,
असे सोळा दिवस.
तुरे विटले. नळीत पाणचट थेंब.
मालक माझ्यावर असे ओरडले
जणू चारशे कण्यांना मीच आतून चिकटलोय.

त्यातल्याच एका रात्री, चाराला पाच कमी,
गुऱ्हाळाचा वास, थंडी, मिट्ट अंधार,
तीनशे चौदा आरवला.
त्याच्या कवटीत कुणीच काही पाठवलं नव्हतं.
माझा हात सवयीनं खटक्यावर गेला.
दाबला.
काही लागलं नाही.
तो पुन्हा आरवला.