काउंटरपलीकडे ओब्दुलिया

ओहोटीचं काम आटोपून ती येते.
रबरी बुटांवर आरोउसाच्या खाडीचा काळा गाळ,
चाळीस वर्षं वाकून शिंपले वेचलेली कंबर
माझ्या काउंटरला टेकलेली.
"सहाशेच्या दे, इरिया. मोठा डबा."

आज किती झाल्या?
"पहाटे एक. दहाला एक. मग बहिणीकडची, दुसऱ्या नावाची."
नाव दुसरं, ओब्दुलिया. काम तेच.

तिला शिंपला कळतो, म्हणून शिंपल्यातूनच सांगते.
दुखावलेल्या जागी एक एन्झाइम आ वासून बसलेलं असतं,
चरबीचा धागा गिळतं, आरोळ्या ओकतं:
सुजा, तापा, ठणका!
गोळी म्हणजे त्याच्या घशात अडकलेला वाळूचा कण.
आरोळी थांबते.
कंबर होती तशीच.

"मग बरंच की."
बरंच. पण कणाला पत्ता ठाऊक नसतो.
तसलाच एक शिंपला तुझ्या पोटात आहे,
तो ओरडत नाही, भिंत लिंपतो,
आतलं आम्ल आतच राहावं म्हणून.
एक मूत्रपिंडाच्या वाटेवर,
रक्तासाठी दार धरून उभा.
कण त्यांच्याही घशात बसतो.

आणि दाबाची गोळी? लघवीची?
"दोन्ही. रोज. चुकवत नाही."
पाणी?
ती खांदे उडवते.
"गाळात पाच तास. आडोसा कुठे?
पाणी पीतच नाही कुणी."

हे मला माहीत नव्हतं.
तीन वर्षं मीच देत आले,
पिशवीत घालून, हवापाण्याच्या गप्पा मारत.
कमीत कमी, थोडेच दिवस, काहीतरी खाऊन,
हे सगळं डब्यातल्या कागदावर होतं,
मुंगीएवढ्या अक्षरात, घडीच्या आत.

आवाज खाली आणून विचारते,
शौचाला काळं होतं का?

ती माझ्याकडे बघत नाही.
बुटांकडे बघते.
"असं?"
किती दिवस?
"गुरुवारपासून. शाईचा मासा खाल्ला होता,
म्हटलं, त्याचंच."

मी डबा पुन्हा खणात ठेवते,
फोन उचलते.

"उद्या सहा दहाला ओहोटी आहे," ती म्हणते,
"माझा पट्टा दुसरी कुणीतरी खणेल."

खणू दे.
बस इथे. नाही, खुर्ची मळू दे.